विचारायचं राहून गेलं

आमच्या मावशीआजीच्या नाकात शेवटचा सव्वा महिना नळी होती. तिनं ती ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीनं खाटेच्या दांड्याला बांधलेली. पट्टी सोडली की हात आधी नाकाकडं जायचा. मग आम्हीच पुन्हा बांधायचो. अर्धापूरच्या केळीच्या बागांत जिचा जन्म गेला, तिला आम्ही पातळ पांढरं पाणी सिरिंजनं देत होतो. 'उपाशी कसं मारायचं?' एवढाच प्रश्न घरात होता. तिला काय हवं होतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती नुसती नावं विसरत होती, तेव्हा विचारलं असतं तर तिनं ठणकावून सांगितलं असतं.

आपल्याकडे स्मृतिभ्रंश म्हणजे 'वय झालं'. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की साठीपुढच्या शंभरांतल्या सात-आठ जणांना हा आजार आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. पण हा आजार शेवटी जीव घेतो, हे घरच्यांना कुणी नीट सांगत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या आसपास २२ शुश्रूषागृहांतल्या, आजार अगदी पुढं गेलेल्या ३२३ जणांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं गेलं. २००९ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्या दीड वर्षात निम्म्याहून जास्त लोक गेले, आणि दर दहांतल्या आठ-नऊ जणांचं खाणंपिणं बिघडलं. आणखी एक गोष्ट त्यात दिसली: हा आजार कुठं जातो हे ज्या नातलगांना कळलं होतं, त्यांच्या माणसाला शेवटच्या तीन महिन्यांत दवाखान्याच्या वाऱ्या आणि नळ्या कमी सोसाव्या लागल्या.

गिळणं थांबतं ते आजाराचं शेवटचं वळण असतं, आपल्या सेवेतली कसूर नव्हे. मला हे फार उशिरा कळलं. अशा अवस्थेत नळीनं आयुष्य वाढत नाही आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनियाही टळत नाही, असं वृद्धांच्या आजारांचे जाणकार डॉक्टर सांगतात. त्यापेक्षा उशाशी बसून, मान थोडी पुढं धरून, चमचाभर मऊ काहीतरी भरवावं. घोट गेला की नाही ते बघावं, तोंड मिटलं की थांबावं. एका जेवणाला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासाला माणूस लागतं, आणि ते माणूस बहुतेक घरांत सून असते. तिच्या वाट्याचं काम कोण उचलणार, हे ठरवल्याशिवाय 'नळी नको' म्हणणं अर्धवट आहे.

आमच्या भागात नर्सिंग होम म्हणजे दहा-पंधरा खाटांचा दवाखाना. विसरलेल्या म्हाताऱ्यांचं नर्सिंग होम म्हणजे घरचीच मागची खोली. रात्री ताप चढला, धाप लागली की जीप काढून नांदेड गाठायचं. तिथं म्हणतात, आयसीयूत घ्यावं लागेल, सही करा. त्या क्षणी 'नको' म्हणायची छाती कुणाची होत नाही. गावाकडं काय तोंड दाखवायचं? म्हणून ठरवायचं ते आधी, दिवसाउजेडी, चौघांत बसून.

विनोबा १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारून ऐन दिवाळीत गेले. त्यांना ते करता आलं, कारण स्वतःच्या तोंडानं 'नको' म्हणण्याइतकी शुद्ध शेवटपर्यंत होती. या आजारात तोंडच आधी जातं. त्यामुळं शुद्धीतला शब्द राखून ठेवावा लागतो. तशी सोय आता आहे. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला असं इच्छापत्र मान्य केलं आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची वाट सोपी केली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि आपल्या वतीनं बोलतील अशा विश्वासातल्या माणसांची नावं, एवढं पुरतं. ते लागू करायचं की नाही, हे पुढं डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात. इच्छापत्र नसलं तरी नातलगांच्या संमतीनं तीच मंडळं निर्णय करू शकतात. फक्त तेव्हा आजारी माणसाचा स्वतःचा शब्द नसतो. कागदाची प्रत स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडं ठेवायची असते. मुंबईच्या डॉ. निखिल दातारांनी उच्च न्यायालयात याचिका केल्यावर राज्यानं त्यासाठी अधिकारी नेमले. म्हणजे अर्धापूरकराचा हा शब्द सांभाळणं आपल्याच नगरपंचायतीचं काम आहे. वाटणीपत्रासाठी आपण बाँड घेऊन नोटरीच्या टेबलाशी तासन् तास बसतो. त्याच टेबलाशी हाही कागद होतो.

नळी नाकारणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. दुखणं थांबवायचं, धाप कमी करायची, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, तोंड ओल्या कापसानं पुसत राहायचं. हेही कागदावर यावं, कारण 'काही करू नका' एवढंच लिहिलं की माणूस खरंच टाकून दिला जातो.

परवा वडिलांना विचारलं. ते अठ्ठ्याहत्तरचे, अजून हिशेब तोंडपाठ. मला वाटलं चिडतील. त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ अंगणाकडं बघत बसले आणि म्हणाले, "लिही. नळी नाही. हात बांधायचे नाहीत. नांदेडला नेऊ नका, ओट्यावर खाट टाका. आणि केळं मागितलं तर द्या, शुगर बघत बसू नका."

मी तसंच लिहून घेतलं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "माझं कधी लिहितोस?"