न दिलेले घेणे

जैन परंपरेत चोरीला ‘अदत्तादान’ म्हणतात, म्हणजे कोणी न दिलेले घेणे. बौद्धांच्या पंचशीलातील दुसरे शील याच कल्पनेवर उभे आहे, आणि पतंजलीच्या पाच यमांत अस्तेयाला, म्हणजे चोरी न करण्याला, अहिंसा व सत्य यांच्या पाठोपाठ स्थान आहे. ही व्याख्या वरवर सोपी वाटली, तरी ‘दिले’ असे नेमके केव्हा म्हणायचे, हा अवघड प्रश्न तिच्या पोटात आहे. इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपन्यांनी ‘पहिला महिना मोफत’ ही पद्धत रूढ केल्यापासून तर तो घरोघरचा प्रश्न झाला आहे, कारण ग्राहकाने ठरलेल्या तारखेपूर्वी काही केले नाही एवढ्याच आधारावर तेथे त्याच्या खात्यातून पैसे घेतले जातात.

या पद्धतीचे एक जुने, नोंदलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. 1997 साली तेथील फेडरल ट्रेड कमिशन या नियामक संस्थेने अमेरिका ऑनलाइन, कॉम्प्युसर्व्ह आणि प्रॉडिजी या तीन कंपन्यांवर असा आरोप ठेवला की, मुदत संपण्याआधी ग्राहकाने आपण होऊन सेवा बंद केली नाही तर आकारणी सुरू होईल, हे मोफत वापराचे आमिष दाखवताना त्याला पुरेसे स्पष्ट सांगितले जात नव्हते. तिन्ही कंपन्यांनी तडजोड करून प्रकरण मिटवले. अमेरिका ऑनलाइनवर आणखी एक आरोप होता. तिच्या सेवेत प्रत्येक वेळच्या वापरात 15 सेकंद मिळवले जात आणि मग अपुरे मिनिट पूर्ण धरले जाई, त्यामुळे 2 मिनिटे 46 सेकंदांचा वापर 3 मिनिटे 1 सेकंदाचा होऊन बिल मात्र 4 मिनिटांचे निघे. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत उघडपणे न मोडताही त्याला डाग लावणारे दोष, सांगितले आहेत आणि देताना कमी व घेताना जास्त मोजणे हा त्यांपैकी एक आहे. मापातल्या लबाडीला चोरीच्या प्रकरणात जागा देण्यात फार मोठी नैतिक सूक्ष्मता आहे, कारण अशा व्यवहारात ग्राहक पैसे स्वतःच्या हातानेच देत असतो.

स्वतःच्या हाताने दिले एवढ्यावरून ते दिलेले ठरत नाही, हे धर्मशास्त्रालाही मान्य आहे. नारदस्मृतीतील व्यवहारपदांत, म्हणजे न्यायसभेपुढे येणाऱ्या वादांच्या विषयांत, ‘दत्ताप्रदानिक’ हे एक पद असून त्यात ‘अदत्त’ दानाचे सोळा प्रकार मोजले आहेत. भयाने, क्रोधाने, शोकाच्या भरात, चुकून किंवा कपटाला बळी पडून दिलेले त्यांत येते. 1872 चा भारतीय करार कायदाही दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तरच संमती मानतो. ग्राहक ज्याला चाचणी समजतो, त्यालाच कंपनी वर्गणीचा आरंभ समजत असेल, तर तो एक अर्थ उरतोच कुठे?

यावर असे म्हटले जाते की अटी छापलेल्या होत्या आणि न वाचणे हा ग्राहकाचा दोष. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि फुकटाचा मोह हा अपरिग्रहाच्या, म्हणजे हव्यासाने संचय न करण्याच्या, दृष्टीने दोषच होय. तथापि उमास्वातींच्या व्याख्येत चोरीची कसोटी घेणाऱ्याच्या ‘प्रमत्त’ अवस्थेला, म्हणजे लोभादी विकारांनी आलेल्या बेपर्वाईला लावलेली आहे. त्यामुळे देणाऱ्याच्या आळसातून घेणाऱ्याचा हक्क निर्माण होत नाही. ही बेपर्वाई सर्वांत उघडी पडते ती ग्राहक सेवा बंद करू पाहतो तेव्हा. अमेरिका ऑनलाइनमध्ये, सेवा बंद करण्यासाठी फोन करणाऱ्यांना टिकवून धरणाऱ्या कर्मचाऱ्यांना बोनस दिला जात असे. ग्राहकांच्या तक्रारींवरून न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलनी चौकशी केली आणि 2005 साली कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरून तडजोड केली. ज्या व्यवस्थेत होकार क्षणात नोंदला जातो आणि नकार ऐकून न घेण्याबद्दल बक्षीस मिळते, तेथे पहिल्या होकारालाही संमती म्हणणे कठीण आहे, कारण मागे घेता येणे हा संमतीचाच भाग असतो.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना किमान 24 तास आधी द्यावी लागते, आणि नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ला, म्हणजे वर्गणीतून बाहेर पडणे मुद्दाम अवघड करण्याला, तेरा फसव्या पद्धतींत गणले आहे. हे नियम आवश्यक आहेत, पण ते सूचनेपाशी आणि बंदीपाशी थांबतात. अस्तेयाची मागणी त्यापुढची आहे: नकार कळवल्यानंतर घेतलेली प्रत्येक रक्कम अदत्त आहे, आणि ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता कंपनीने ती आपण होऊन परत केली पाहिजे.