पिठाचा कोंबडा

हल्ली बायका भेटल्या की पहिला प्रश्न "कशा आहात?" आणि दुसरा "सध्या काय बघताय?" पाटणकर बाजारात पिशव्या सांभाळत उभ्या असू देत, नाहीतर मंदिराच्या पायरीवर चपला शोधत असू देत, बोलणं शेवटी एखाद्या वेब सिरीजवर येतंच. मग मतं सुरू होतात. "पहिल्या सीझनची मजा दुसऱ्यात नाही." "शिव्या फार आहेत बाई, घरात मोठ्यांदा लावायची सोय नाही." "कामं छान केलीत, पण शेवट फसला." "मधले दोन एपिसोड फार स्लो आहेत." आणि एखादीनं विचारलंच, की एवढी मारामारी बघवते कशी हो तुम्हाला, तर उत्तर ठरलेलं: "अहो, आपण थोडंच कोणाला मारतोय? नुसतं बघतोय. आणि ते रक्त काय, खोटंच असतं."

बाकीची मतं आवडीनिवडीची आहेत. कुणाला तिखट आवडतं, कुणाला गोड. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण "नुसतं बघतोय आणि रक्त खोटं आहे" हे वाक्य मात्र तसं सोडून देता येत नाही. निदान आपल्याला तरी नाही. कारण आलोचना म्हणताना आपण रोज कबूल करतो, की पाप तीन तऱ्हांनी घडतं: स्वतः केल्यानं, दुसऱ्याकडून करवून घेतल्यानं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मनातून मान डोलावल्यानं. कृत, कारित आणि अनुमोदना. त्यातही मन, वचन आणि काया असे तीन भाग, म्हणजे एकूण नऊ वाटा. सोफ्यावर बसून बघणारीच्या पहिल्या दोन तऱ्हा बंद आहेत, हे खरं. तिसरीचं काय?

आणि रक्त खोटं असण्याबद्दल म्हणाल, तर आपल्याकडे एक कथा आहे जी जणू याच प्रश्नासाठी लिहिली गेली. यशोधराची. उज्जैनीच्या या राजाला वाईट स्वप्न पडतं. त्याची आई चंद्रमती म्हणते, देवीला जिवांचा बळी दे, अरिष्ट टळेल. राजा नाही म्हणतो. आई हट्ट सोडत नाही. शेवटी मधला मार्ग निघतो: जिवंत कोंबडा नको, पिठाचा करू. पिठाचा कोंबडा घडवतात, देवीपुढे ठेवतात आणि राजा त्याच्यावर तलवार चालवतो. एकही जीव गेलेला नाही, रक्ताचा थेंब नाही, कणीक तेवढी कापली गेली. पण पुढे राणी दोघांना विष घालते आणि माय-लेक जन्मामागून जन्म पशुयोनीत फिरत राहतात. मोर होतात, कुत्रा होतात, आणि शेवटी खुद्द कोंबड्याच्या जन्माला येतात. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात पुष्पदंतानं ही कथा अपभ्रंशात सांगितली. पुढे पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कातळात जिनप्रतिमा कोरल्या जात होत्या, तेव्हा इथल्याच रइधू कवीनं ती पुन्हा लिहिली.

कथा कुणी वाचली असेल, कुणी नसेल. पण तिचं सार आपल्या स्वयंपाकघरात मुरलेलं आहे. दिवाळीत बाजारात साखरेचे हत्ती-घोडे येतात. बत्तासे खुशाल खा, पण हत्ती मोडून खाऊ नका, असं कित्येक घरांत पोरांना सांगतात. हिंदी बोलणाऱ्या आपल्या जैन शेजारणी भाजी 'काटो' म्हणत नाहीत, 'सुधारो' म्हणतात. साखरेच्या हत्तीला दुखत नाही, भोपळ्याला शब्द कळत नाही, हे त्यांना माहीत नाही थोडंच! त्यांना एवढंच माहीत आहे, की हात ज्याचा सराव करतो त्याची मनाला सवय होते. हिंसा आधी मनात घडते, बाहेर नंतर येते. शास्त्रात तिला भावहिंसा म्हणतात.

आता इथे कुणीही विचारील, की मग पुराणांचं काय? यशोधराच्याच कथेत व्यभिचार आहे, विषप्रयोग आहे, बळी आहे. ते ऐकायला आपण चातुर्मासात पुढच्या रांगेत बसतो. मग ती धर्मकथा आणि वेब सिरीज तेवढी विकथा, हा कुठला न्याय?

प्रश्न रास्त आहे, आणि "पुराण पवित्र, सिरीज अपवित्र" असं म्हणून तो सुटत नाही. कथेत हिंसा आहे की नाही, यावरून ती कथा की विकथा हे ठरत नाही. बघायचं असतं ते हे, की घाव घातल्यावर कथा कुणाबरोबर जाते. यशोधराची कथा तलवारीपाशी थांबत नाही. एका घावाचा हिशेब ती जन्मोजन्मी मांडत बसते. ज्यानं कापलं त्याला ती कापल्या जाणाऱ्याच्या कातडीत घालते. ऐकणाऱ्याला तलवारीची ऐट वाटायला तिनं जागाच ठेवलेली नाही.

हीच फूटपट्टी घेऊन आपल्या परिचयाच्या सिरीज पाहा. 'मिर्झापूर' 2018 मध्ये आली. पहिल्याच भागात वरातीत नाचताना मुन्ना गोळी झाडतो आणि नवरदेव मरतो. तिथून सगळी गोष्ट सुरू होते. त्या नवरदेवाचं नाव आज आपल्यापैकी किती जणींना आठवतं? मुन्नाचे संवाद मात्र पोरासोरांना पाठ आहेत. आता 'पंचायत' घ्या, जिचं फुलेरा गाव आपल्याच मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात चित्रित झालं. तिच्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी उपप्रधान प्रल्हादचा सैनिक मुलगा जातो. एकच मृत्यू. पण दोन वर्षांनी तिसरा सीझन आला तेव्हाही प्रल्हाद त्या रिकाम्या घरात सावरलेला नव्हता. हसवणाऱ्या सिरीजनं एका मरणाला एवढी जागा दिली. गोळ्यांच्या सिरीजमध्ये एका भागात दहा माणसं पडतात आणि दहांपैकी एकाचीही आई दिसत नाही.

म्हणजे प्रश्न रक्त किती दाखवलं याचा नाहीच. 'दिल्ली क्राइम'च्या पहिल्या सीझनला 2012 च्या दिल्लीतल्या अत्याचाराचा आधार आहे. विषय इतका भयंकर, पण तो अत्याचार पडद्यावर दाखवलेला नाही. दिसतात पोलीस, इस्पितळ, आई-बाप, शहराचा संताप. गुन्हेगाराला तिथे नायकाची चाल मिळत नाही. 2020 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला, तो हे सगळं न दाखवता.

पण इथपर्यंत आपण सिरीजच्याच गुणदोषांबद्दल बोललो. बघणारीचा हिशेब वेगळा मांडावा लागेल, कारण चांगल्या हेतूनं केलेली गोष्टही वाईट नजरेनं बघता येते. मराठीतली 'मानवत मर्डर्स' आठवा. 2024 मध्ये आली, रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याची भूमिका आशुतोष गोवारीकरांनी केली. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात 1972 ते 1974 या काळात लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या. गुप्तधन आणि संततीच्या लोभापायी दिलेले ते नरबळी होते. इथला कोंबडा पिठाचा नाही. त्या मुली खऱ्या होत्या, त्यांना जन्म देणाऱ्या आया खऱ्या होत्या. अंधश्रद्धा कुठवर नेते हे अशा कथेतून कळावं, यापेक्षा मोठा उपयोग कोणता? आणि तरीही अशी कुठलीही तपासकथा बघताना आपल्या मनात काय चाललेलं असतं? पुढचा खून कधी होतो, याची वाट. आणि एखाद्या भागात कुणीच मेलं नाही, तर आपलं मत तयार असतं: "हा एपिसोड जरा स्लो होता."

हा 'स्लो' शब्द मला फार बोलका वाटतो. बहुतेक वेळा त्याचा साधा अर्थ एवढाच असतो, की कुणी मेलं नाही, कुणाचं गुपित फुटलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही. म्हणजे मनातून आपण ते मागत होतो. तंदुलमत्स्याची गोष्ट हीच सांगते. स्वयंभूरमण समुद्रातल्या महामत्स्याच्या कानात तांदळाएवढा मासा राहतो. मोठ्या माशाच्या उघड्या तोंडातून असंख्य मासे आत येतात, बाहेर जातात. छोटा बघत बसतो आणि चडफडतो: मी याच्या जागी असतो तर एकालाही सोडलं नसतं! तो एकही मासा खात नाही, खाऊ शकत नाही. तरी त्याची गती सातवा नरक. कानात बसून 'नुसतं बघणाऱ्या' त्या माशाचंही एक मत होतं: महामत्स्य फार स्लो आहे.

कुणी म्हणेल, ही नुसती उत्सुकता आहे, इच्छा नाही. पुढे काय होणार हे जाणून घ्यावंसं वाटणं हा मनाचा स्वभावच आहे. मान्य. म्हणून तर बाहेरून कुणालाच ते ठरवता येत नाही. दोघी एकाच सोफ्यावर बसून एकच दृश्य बघतात. एकीच्या डोळ्यांत पाणी येतं, दुसरीचा हात शेवेच्या वाटीकडे जातो. जिनं घरात मार खाल्लेला आहे, तिला एखाद्या सिरीजमधल्या बाईनं हात धरून थांबवलेला पाहून बळ येईल. तीच सिरीज दुसरीला नुसती भीती देईल. अनेकांत आपल्याला हेच शिकवतो. पण अनेकांत म्हणजे 'सगळ्यांचंच बरोबर' नव्हे. स्यात् म्हणजे 'असेल बुवा' नव्हे. स्यात् म्हणजे 'अमुक अपेक्षेनं', आणि ती अपेक्षा सांगावी लागते. "मस्त आहे" हे मत म्हणून अर्धवट आहे. अभिनयाच्या अपेक्षेनं मस्त? कथानकाच्या? की बघून झाल्यावर मनाचं जे होतं त्या अपेक्षेनं? पहिली दोन मतं आपण अगदी बारकाईनं देतो. तिसरं कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

मैत्रिणींनो, इथे आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत. अनर्थदंड म्हणजे विनाकारण घडणारी हिंसा. त्यातला एक प्रकार दुःश्रुती, मन गढूळ करणारं काही ऐकणं. शब्द सगळ्या श्रावकांसाठी आहे, पण घराघरांत तो वापरला गेला बायकांवर. आधी कादंबरी वाचणाऱ्या सुनेवर, मग सिनेमाला जाणाऱ्या मुलीवर, आता मोबाइल धरणाऱ्या बाईवर. दुकानाच्या गल्ल्यावर बसून दिवसभर गोळीबार बघणाऱ्या पुरुषाला दुःश्रुतीची आठवण कुणी करून देताना दिसत नाही. दुपारी दोनला सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर बाईला मिळणारा तासभर तिचा एकटीचा असतो. त्या तासावर पहारा बसवायला ही चर्चा नाही. तंदुलमत्स्याची कथा दुसऱ्याच्या मनात डोकावायला दिलेली नाही. सासूनं सुनेला ती ऐकवायची नाही आणि सुनेनं सासूलाही नाही. ती आपली आपल्याला सांगायची.

मग करायचं काय? बघणं सोडणाऱ्यांनी खुशाल सोडावं, त्यांचा संयम वंदनीयच आहे. पण बहुतेक जणी बघणार आहेत. आपण पाणी गाळून पिणारी माणसं. गाळायचं म्हणजे पाणी प्यायचंच नाही असं नव्हे. एका सामायिकाची वेळ अठ्ठेचाळीस मिनिटं, आणि अनेक सिरीजचा एक भागही साधारण तेवढाच असतो. भाग संपला की पडद्यावर आकडे उलटे मोजले जातात आणि काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. ते सेकंद वाया जाऊ नयेत अशीच यंत्राची रचना आहे. आपण मात्र तिथे बोटानं थांबवू शकतो आणि स्वतःला विचारू शकतो: आत्ता मेला त्याचं नाव काय होतं? मारणाऱ्याच्या जागी मी मनातून कितीदा उभी राहिले? कुणाचा अपमान झाला तेव्हा मला बरं वाटलं का, आणि त्याला माझ्या ओळखीच्या कुणाचा चेहरा होता का?

शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण महत्त्वाचा. पडद्यावरच्या सासूला, जावेला, मालकाला धडा मिळताना जो आनंद होतो, तो अनेकदा आपल्याच घरातल्या, आपल्याच गल्लीतल्या माणसासाठी राखून ठेवलेला असतो. पिठाचा कोंबडा कापताना यशोधराच्या मनात कोंबडा होता, पीठ नव्हतं. आपल्याही मनात त्या वेळी कोण असतं, हे दुसऱ्या कुणाला दिसत नाही. आपल्याला दिसतं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी "कशी वाटली?" असं विचारलं, तर कामं कशी झाली, शेवट जमला का, ते जरूर सांगावं. आणि जमलं तर हेही सांगावं, की बघताना आपण कुणाच्या शेजारी बसलो होतो: तलवार धरणाऱ्याच्या की कापल्या जाणाऱ्याच्या. बघणारीचं खरं मत तेच.