सालीचे सोवळे

कोल्हापूर जिल्ह्यातील कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत, लोखंडी ओतकामाचे सुटे भाग परदेशी धाडण्यासाठी जी लाकडी पॅलेटे लागतात, त्यांच्या लाकडावरून सोललेल्या सालीचा ढीग एका वखारीपाशी पाहिला, आणि तेव्हापासून शुद्धाशुद्धतेचा निवाडा नेमका कोणत्या दफ्तरी होतो, हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही.

2002 साली स्वीकारलेल्या आणि 2009 साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पती-आरोग्य मानकाचा दंडक असा की, किरकोळ तुकडे वगळता निर्यातीच्या वेष्टनाच्या लाकडावर साल असता कामा नये. शिवाय ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापले, की त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का उमटतो. सालीच्या आडोशाने भुंगेरे परमुलखात शिरतात आणि तिथली अरण्ये पोखरतात, तेव्हा ही खबरदारी रास्तच म्हटली पाहिजे. परंतु त्याच मानकात एक सवलतही नमूद आहे: सरस, उष्णता वा दाब यांनी घडविलेल्या बोर्डाला हा नियम लागू नाही. म्हणजे जी साल लाकडाला बिलगून असता वर्ज्य, तीच दळून, वाफेने मऊ करून, तापल्या पोलादी पाट्यांमध्ये दाबली की शिक्क्यावाचून समुद्र ओलांडते. आमच्या धर्मशास्त्रकारांचे प्रायश्चित्त याहून फारसे निराळे नव्हते.

सालीचा बोर्ड तसा दुबळाच. सालीत धड तंतू कमी, राख व माती अधिक. तथापि तिच्यात लिग्निन आणि टॅनिन विपुल असते, आणि पुरेशी उष्णता व दाब मिळाल्यास बाहेरचा सरस न घालताही हे द्रव्य कणाकणाला घट्ट धरून ठेवते. नेहमीच्या बोर्डातील यूरिया-फॉर्माल्डिहाइड सरसाची झोंबणारी वाफ ज्याने बंद खोलीत अनुभवली आहे, त्याला या स्वयंपूर्णतेचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

साल ही उरलेली वस्तू, आणि उरलेल्याला आपल्याकडे एकेकाळी थोर स्थान होते. अथर्ववेदाच्या 11व्या कांडात उच्छिष्टावर एक संपूर्ण सूक्त आहे. यज्ञात जे उरले, त्याच्याच ठायी नाम, रूप आणि सारे लोक सामावले आहेत, असे ते मानते. पुढे मात्र 'उष्टे' म्हणताच आपण हात आखडता घेऊ लागलो. मीमांसकांनी 'शेष' या शब्दाला अधिक काटेकोर अर्थ दिला: जे दुसऱ्याच्या प्रयोजनासाठी असते ते शेष. या व्याख्येने पाहता साल झाडाच्या प्रयोजनासाठी असते; झाडाच्या दृष्टीने ती उरलेली वस्तू मुळीच नव्हे. पानांत तयार झालेले अन्न तिच्याच आतल्या थरातून मुळांकडे उतरते, आणि बुंध्याभोवतीची साल कडे करून काढली तर उभे झाड वाळते. 'उरलेली' हे नाव तिला आमच्या जमाखर्चाने दिले.

सालीतले ते टॅनिन तर या जिल्ह्याच्या दारात केव्हाचे नांदत आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरलेल्या चामड्याची कोल्हापुरी चप्पल 2019 साली भौगोलिक मानांकनास पात्र ठरली. साल शुद्ध झाली, चामडेही झाले. ज्या हातांनी ते पिढ्यान्‌पिढ्या कमावले, त्या हातांसाठी मात्र कोणतेही तापमान आणि कितीही घटका आमच्या समाजाला पुरेशा वाटल्या नाहीत. झाडांच्या बाबतीत जगाने निदान मिनिटे तरी मोजून दिली.

मी हे मनात घोळवीत उभा असताना एक कामगार त्या ढिगातली साल पोत्यात भरीत होता. बोर्ड करणाऱ्याकडे जाते काय, असे मी काहीशा उत्सुकतेनेच विचारले.

"छे हो साहेब," तो पोत्याचे तोंड आवळीत म्हणाला, "बंबाला लागतीया. सकाळच्या आंघोळीच्या पाण्याला."