दैव, पुरुषकार आणि मेडोज टेलर

सोलापूरपलीकडच्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार १८५३ पासून पाहणारे, निजामाच्या फौजेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) यांनी आत्मचरित्रात नोंदवलेली सुरपूरच्या तरुण राजाची हकीकत दैव, म्हणजे पूर्वकर्माचे अटळ मानलेले फळ, आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतंत्र प्रयत्न, यांच्या जुन्या वादात मोलाची ठरते. राजा चोविसाव्या वर्षी मरेल, असे ज्योतिषाने वर्तवले होते. १८५८ च्या उठावानंतर त्याची देहदंडाची शिक्षा सौम्य होऊनही तो कैदेच्या वाटेवरच पिस्तुलाच्या गोळीने मरण पावला. टेलर यांना हा योग विलक्षण वाटला, यात नवल नाही. तथापि भाकीत जुळले एवढ्यावरून ते मृत्यूचे कारण ठरत नाही. योगवासिष्ठ तर पूर्वीच्या पुरुषकारालाच दैव म्हणते, आणि उठाव हा राजाचा स्वतःचाच निर्णय होता.