आपण आणि आम्ही

सातारकराला डोंगर शोधायला लांब जावे लागत नाही. सकाळी दार उघडले की समोर अजिंक्यतारा उभा असतो. त्यामुळे आमच्या मंडळाची रीतसर स्थापना अशी कधी झालीच नाही. रविवारी पहाटे किल्ल्यावर जाणारी तीन-चार माणसे एकमेकांना ओळखू लागली. त्यांनी आपापल्या शेजाऱ्यांना आणले, शेजाऱ्यांनी मुलांना आणले, आणि बघता बघता पंचवीस-तीस जणांचा मेळा जमला. त्यात शिक्षक आहेत, एस. टी.चे एक निवृत्त वाहक आहेत, बँकेतल्या एक बाई आहेत, दवाखान्यातल्या एक सिस्टर आहेत, कॉलेजची पोरे आहेत. आणि चाचा आहेत. चाचा शिंप्याचे काम करतात. त्या पहिल्या तीन-चार माणसांतले आता तेच एकटे चालते राहिले आहेत. आमच्यातल्या निम्म्या जणांना डोंगर चढायला त्यांनीच शिकवले. उतरताना पाय आडवा टाकावा, ओल्या कातळावर घाई करू नये, घोटभर पाणी परतीसाठी राखावे, हे सारे धडे त्यांचेच.

या लेखात आम्ही एका वर्षाची हकिकत सांगणार आहोत. २०२४ च्या जूनपासून २०२५ च्या जूनपर्यंतचे ते वर्ष. एरवी डोंगरातल्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, लिहिण्याजोग्या असतातच असे नाही. पण या वर्षात आमच्या हातून एक चूक घडली. ती सुधारताना दुसरी घडली. आणि त्या दोन चुकांमधून एक प्रश्न उभा राहिला, तो डोंगर उतरून आमच्या घरापर्यंत आला. मागे राहणाऱ्यासाठी थांबणे हा आपला उपकार असतो की ते आपले देणे असते?

आमचे वर्ष पावसाने सुरू होते. जून-जुलैत लांबचे बेत आखायचे नाहीत, रविवारी अजिंक्यतारा, फार तर सज्जनगड, असा आमचा शिरस्ता. धुक्यात दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही, म्हणून आपोआपच सगळे जवळजवळ चालतात. सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर गेलो. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात हे पठार आहे. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे यांच्यामधून कोणी भरभर चालत नाही. तिथे वेगाला किंमतच नसते. पहिले चार महिने आमच्यात पुढचा-मागचा असा भेद कुणाला जाणवला नाही, त्यात आमचा मोठेपणा काही नव्हता. धुके आणि फुले यांनीच आम्हांला एकत्र ठेवले होते.

डिसेंबरात वासोट्याला गेलो. ज्यांनी हा किल्ला पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. कास ओलांडून बामणोलीला जायचे, तिथून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून लाँचने पलीकडच्या काठावर उतरायचे, आणि मग घनदाट जंगलातून चढायचे. हे कोयना अभयारण्य आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते. गवे, अस्वले, बिबटे यांचे हे घर. म्हणून संध्याकाळच्या आत जंगलाबाहेर पडून लाँच गाठावीच लागते. म्हणजे वासोट्याला माणूस निघतो तोच घड्याळाकडे बघत.

आम्ही २१ जण होतो. ओढा ओलांडून थोडे वर गेलो आणि चाचांचा गुडघा बोलू लागला. एका मोठ्या दगडावर ते टेकले. पुढची पोरे केव्हाच दिसेनाशी झाली होती. आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले, "चाचा, तुम्ही इथंच बसा. आम्ही वर जाऊन येतो. उतरताना तुम्हांला घेऊ." चाचांनी मान हलवली. आम्ही गेलो. माथ्यावरून जंगलाचा हिरवा समुद्र पाहिला, बाबूकड्याशी उभे राहून फोटो काढले, डबे सोडले. मग उशीर झाला म्हणून तीन टोळ्यांनी घाईघाईत उतरलो. पहिल्या टोळीला चाचा दगडावर दिसले नाहीत. त्यांना वाटले, खाली गेले असतील. दुसऱ्या टोळीला वाटले, पहिलीने घेतले असतील. तिसरीने तर विचारच केला नाही.

काठावर आल्यावर आम्ही आमच्या रिकाम्या बाटल्या मोजल्या. जंगलात प्लास्टिक राहू द्यायचे नाही, याबाबत आम्ही फार काटेकोर. बाटल्या बरोबर भरल्या. माणसे मोजली ती नावाड्याने. "एकवीस आणली होती," तो म्हणाला, "वीसच हायत."

नावाड्याबरोबर दोघे धावत मागे गेले. चाचा त्याच दगडावर बसले होते. जोहरच्या नमाजसाठी वजू करायला ते आडबाजूने ओढ्यावर उतरले होते, तेवढ्यात आम्ही सगळे वरून निघून गेलो. नमाज पढून ते परत आपल्या जागी येऊन बसले. दिवस कलला, जंगलातले आवाज बदलले, तरी उठले नाहीत. "खाली का आला नाहीत?" असे विचारल्यावर ते एवढेच म्हणाले, "तुम्ही बसा म्हणालात. म्हणून बसलो."

लाँचमध्ये कोणी कोणाशी बोलले नाही.

या प्रसंगावर आम्ही पुढे खूप बोललो. आमच्यात कोणी दुष्ट होते काय? नाही. चाचांविषयी कोणाच्या मनात प्रेम नव्हते काय? होते. मग झाले काय? याचे उत्तर शोधताना आमच्यातल्या शिक्षकांनी अमेरिकेतल्या एका प्रयोगाची माहिती दिली. प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला तो प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करायचे होते. काहींच्या भाषणाचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी वाटसरूची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला असेल अशी योजना केली होती. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यातले फक्त १० टक्के थांबले. भाषणाचा विषय कोणता होता याने विशेष फरक पडला नाही.

म्हणजे माणूस दयाळू आहे की नाही, एवढे पाहून भागत नाही. त्याच्याजवळ थांबायला वेळ आहे की नाही, हेही पाहावे लागते. आणि वेळ असतो की नसतो, हे सकाळीच ठरलेले असते.

गिर्यारोहणाच्या जगात याचे मोठे उदाहरण २००६ च्या मे महिन्यात घडले. एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या वाटेवर डेव्हिड शार्प हा इंग्रज गिर्यारोहक मरणाच्या दारात बसला होता, आणि सुमारे ४० जण त्याच्या जवळून गेले असे सांगितले जाते. एडमंड हिलरी यांनी त्यावर जाहीर संताप व्यक्त केला. त्यानंतर दहा-बारा दिवसांतच, त्याच बाजूला, मृत समजून मागे सोडलेला लिंकन हॉल हा ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक डॅन मेझर आणि त्याच्या साथीदारांना जिवंत दिसला. शिखर दोन तासांच्या अंतरावर होते. त्यांनी शिखर सोडले आणि तो माणूस वाचला. या दोन घटना सारख्या नव्हत्या, शार्पची अवस्था फार वाईट होती, हे खरे. तरीही एक गोष्ट उरतेच. मेझरच्या साथीदारांना थांबण्याची किंमत मोजावी लागली, आणि त्यांनी ती मोजली. आमच्यापुढे तर शिखरही नव्हते, फक्त परतीची लाँच होती.

आता दुसरी चूक. वासोट्याच्या शरमेपोटी आम्ही नियम केला की, जो मागे राहील त्याच्याबरोबर दोन तरुणांनी राहायचे. जानेवारीत चंदन-वंदनला गेलो तेव्हा चाचांबरोबर दोघांना दिले. पोरे गुणी. दर वळणावर विचारायची, "चाचा, बरं वाटतंय ना?" मधूनच एकजण मोबाइलमध्ये वेळ बघायचा. चाचा दोन्ही किल्ल्यांमधल्या खिंडीपर्यंत आले, तिथून वंदनवर चढले, सगळ्यांशी हसून बोलले. आणि पुढच्या रविवारपासून यायचे बंद झाले.

फेब्रुवारीत आमच्यापैकी एकजण पँट आखूड करून घ्यायच्या निमित्ताने त्यांच्या दुकानात गेला. मशीन चालवता चालवता चाचा म्हणाले, "बेटा, वाट बघणारा माणूस मागून चालत असला की पाय जड होतात. मला सोबत पाहिजे होती. तुम्ही पहारा दिलात."

हे वाक्य आम्हांला वासोट्यापेक्षाही जास्त लागले. तिथे निदान विसरलो होतो. इथे तर आठवणीने, नियम करून, आम्ही त्यांना ओझे बनवले होते. मदत केली होती, पण ती मदत आहे हे त्यांना पावलोपावली कळेल अशा रीतीने. ज्याला मदत करायची त्याला लहान न करता ती कशी करावी?

उत्तर अनपेक्षितपणे मार्चमध्ये मिळाले. त्या वर्षी रमजान मार्चमध्ये आला. आमच्यातले आठ-नऊ जण रोजे ठेवणारे. म्हणून महिना सुरू होण्याआधीच वेळापत्रक बदलले. लांबचा बेत नाही, फजरनंतर लगेच अजिंक्यताऱ्याची अर्धी वाट, सावकाश, ऊन चढायच्या आत घरी. चार रविवार सगळे मंडळ त्या चालीने चालले, रोजा नसणारेही. कोणी कोणाला "बरं वाटतंय ना?" विचारले नाही. कोणी घड्याळ पाहिले नाही. आणि कोणालाही आपण कोणासाठी थांबतो आहोत असे वाटले नाही. महिना संपल्यावर बँकेतल्या बाईंनी हे नेमके पकडले. त्या म्हणाल्या, "आपण महिनाभर हळू चाललो, पण उपकार कुणीच कुणावर केले नाहीत. कारण आधीच ठरलं होतं."

तेव्हा आमच्या ध्यानात आले. थांबणे आयत्या वेळी करावे लागले की तो उपकार होतो, आणि उपकाराचा भार घेणाऱ्यावर पडतो. तेच थांबणे आधी हिशेबात धरले की ती फक्त चालण्याची रीत होते. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये डोंगरातल्या वेळेचा एक ठोकताळा सांगितला होता. दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. आम्हीही बेत असाच आखत असू, धडधाकट माणसाच्या पायांनी. त्या हिशेबात चाचांचा गुडघा कुठेच नव्हता. म्हणजे वासोट्याच्या जंगलात आम्ही त्यांना मागे सोडले त्याच्या चार दिवस आधीच, कागदावर, ते मागे सुटले होते.

आता आम्ही सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेळेने बेत आखतो आणि त्याला पुढे ठेवतो. एप्रिलमध्ये वाईजवळच्या पांडवगडावर पहाटे निघालो तेव्हा चाचा सर्वांत पुढे होते. त्यांना आणायला दुकानात चौघे गेले होते. त्यांनी फक्त विचारले, "वाट कुणाला नीट आठवतेय?" आम्ही म्हणालो, "तुम्हांलाच."

याची किंमत नाही असे नाही. आमच्यातले तीन तरुण हळू चालीला कंटाळून वेगळे जाऊ लागले. ते चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला धावायचे आहे त्याने धावणाऱ्यांबरोबर जावे, त्यात कुणाचा विश्वासघात नाही. विश्वासघात होतो तो सर्वांना "चला" म्हणून बोलवायचे आणि मग धावायचे, यात. चाचांचे आमच्यावर ऋण आहे म्हणून त्यांच्यासाठी थांबायचे, असेही आम्हांला प्रथम वाटले होते. पण मे महिन्यात दवाखान्यातल्या सिस्टरांनी आपल्या जावेला आणले. ती आयुष्यात प्रथमच डोंगर चढत होती, दर दहा पावलांना बसत होती. तिचे आमच्यावर कसले ऋण? काहीच नाही. तरीही तिचा हक्क चाचांइतकाच होता, कारण तिलाही आम्ही "चला" म्हटले होते. तो शब्द हाच करार.

मराठीने या बाबतीत आपल्याला एक सोय दिली आहे, ती आपण पुरती वापरत नाही. उर्दूत 'हम' म्हटले की ऐकणारा त्यात आहे की नाही हे कळत नाही. मराठी मात्र स्पष्ट विचारते, 'आपण' की 'आम्ही'? 'आपण'मध्ये समोरचा आला. 'आम्ही'मध्ये तो बाहेर राहिला. वासोट्याच्या दिवशी पहाटे साताऱ्याहून निघताना आम्ही म्हणालो होतो, "चला, आपण जाऊ." दुपारी दगडाजवळ म्हणालो, "आम्ही जाऊन येतो." दोन्ही वाक्ये खरी होती, प्रेमाने बोललेली होती. 'आपण'चे 'आम्ही' कधी झाले हे बोलणाऱ्यांना कळले नाही. दगडावर बसलेल्याला ते त्याच क्षणी कळले असेल.

घरातही हे होतच असते. म्हातारी आई दिवाणखान्याच्या कोपऱ्यात असते आणि आम्ही लग्नाला जाऊन येतो. वर्गात पहिल्या बाकांच्या वेगाने धडा पुढे सरकतो. आपल्यातले चार जण शिकतात, पुढे जातात, आणि मोहल्ल्यात राहिलेल्यांना सांगतात, "आम्ही पोहोचलो की तुम्हांला घेऊ." परतीच्या वाटेवर तो दगड आठवणीत राहीलच याची खात्री मात्र कोणी देत नाही.

हा सगळा लेख आम्ही 'आम्ही' म्हणून लिहिला आहे, कारण चूक आमची होती, ती वाचकांवर लादता येणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये पावसात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी नेहमीची मंडळी जमली. चाचांनी सर्वांना एका नजरेत मोजले, विजार थोडी वर दुमडली आणि म्हणाले, "आपण सगळे आलो ना? चला."