दोन बोटे दोरी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा हमरस्ता आमच्या नसरापूरच्या कडेने जातो आणि राजगडाला निघालेली माणसे इथूनच वळतात. त्यामुळे दिवाळीत किल्ला कोणता करायचा, हा प्रश्न आमच्या गावातल्या पोरांना सहसा पडत नाही. गेल्या वर्षी माझ्या सात वर्षांच्या नातवाने अंगणात राजगडच उभा केला होता. वसुबारसेच्या संध्याकाळपर्यंत माच्या झाल्या, बालेकिल्ला झाला, अळीव पेरून हिरवळही उगवली. राहिली होती फक्त गडावर जाणारी वाट. ती पांढरी हवी, असा त्याचा हट्ट. थोड्या वेळाने पाहतो तो वाट तयार! पायथ्यापासून वरपर्यंत कशी स्वच्छ, शुभ्र, नागमोडी. दुर्दैव एवढेच की, ती ज्या पिठाची केली होती ते अनारशांचे पीठ होते. माझ्या सुनेने तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत वाळवून, कुटून, चाळून ते ठेवले होते. आणि हे सारे शिरवळच्या बाजूच्या एका कारखान्यातली नोकरी सांभाळून.

ती चकल्या तळत होती. हातातला झारा तसाच घेऊन ती बाहेर आली, राजगडाची वाट पाहिली, आणि पुढे जे व्हायचे ते झाले. पोरगा किल्ल्याभोवती धावू लागला, त्याच्यामागे ही. पदर खोचलेला, कपाळाला पीठ लागलेले, आवाज टिपेला पोहोचलेला. पोरगा धावता धावता टाळ्या पिटून ओरडत होता, “मित्सी आली! मित्सी आली!” मी ओटीवर बसलो होतो. मला हसू आवरेना. मी अगदी मोठ्याने हसलो.

सूनबाई थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. “तो हसला त्याचं काही नाही, बाबा,” ती म्हणाली, “तुम्हीही हसलात.” आणि आत जाऊन पुन्हा चकल्या तळू लागली.

मित्सी म्हणजे कोण, हे घरात लहान मूल असलेल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. योशितो उसुई नावाच्या जपानी चित्रकाराने १९९० साली एका साप्ताहिकात शिनचॅन नावाच्या पाच वर्षांच्या वात्रट पोराची चित्रकथा सुरू केली. १९९२ पासून ती तिकडच्या दूरचित्रवाणीवर हलूबोलू लागली आणि २००६ साली हिंदी बोलत आपल्या घरांत शिरली. मित्सी ही त्या पोराची आई. मूळ नाव मिसाए. वय २९. उसुई २००९ साली वारले, मालिका अजून चालू आहे, आणि मित्सी अजून २९ वर्षांचीच आहे. तोक्योजवळच्या कासुकाबे गावात ती राहते. माहेर लांब, क्यूशू बेटावर. नवरा कचेरीत जातो, घराचे कर्ज फिटायचे आहे, पदरात तान्ही मुलगी आहे, दारात कुत्रा आहे. कुठे स्वस्तात काही मिळते आहे असे दिसले की धावायचे आणि दुपारी घटकाभर लवंडायचे, एवढीच तिची चैन. तीही पोरगा पुरी होऊ देत नाही. मग ती ओरडते, त्याच्यामागे धावते, दोन्ही मुठी त्याच्या कानशिलांवर रगडते, त्याच्या डोक्यावर टेंगूळ आणते. आणि पाहणारी घरेच्या घरे हसतात.

या मालिकेने मुले बिघडतात, अशी तक्रार जपानातल्या पालकांनी केली, आपल्याकडच्या पालकांनीही केली. २००८ साली आपल्या सरकारने ती बंद पाडली होती. पुढे काटछाट करून ती परत आली. त्या वेळी पारावर, शाळेत, एस.टी.त मी पुष्कळ चर्चा ऐकल्या. पोरगा मोठ्यांना काय बोलतो, पाहुण्यांसमोर काय करतो, यावर सगळे बोलत. त्याच्या आईबद्दल एक शब्दही माझ्या कानावर आला नाही. मीही कधी काढला नाही.

त्या रात्री झोप लागेना. मी मलाच विचारले: मी हसलो कशाला? रागावलेला माणूस काही एरवी हास्यास्पद नसतो. साहेब रागावला तर कोणी हसत नाही. मी ३० वर्षे शाळेत शिकवले. मी वर्गात नुसती भुवई उंचावली तरी ५० पोरे चिडीचूप होत. मग आईच्याच रागाचे हसू का येते?

विचार करता करता मला असे वाटू लागले की, ज्याच्या हाती सत्ता असते त्याच्या रागाची भीती वाटते. ज्याच्या वाट्याला नुसती जबाबदारी येते त्याच्या रागाचे हसू येते. घरातले सगळे ‘नाही’ आपण एका बाईकडे ठेवायला दिलेले असतात. दूरदर्शन बंद कर, दात घास, दप्तर भर, पाण्यात जाऊ नकोस, हे दिवसातून चाळीस वेळा म्हणायचे कोणी? तिने. आणि चाळीसदा वापरलेल्या ‘नाही’ची धार बोथट होणारच. मग ती आवाज चढवते. आजोबांनी आठवड्यातून एकदा ‘नाही’ म्हटले की पोरगा ऐकतो, आणि आजोबांना वाटते, आपल्याला मुले हाताळता येतात!

इथे मला माझ्या पत्नीची आठवण झाली. ती आता नाही. गावात लोक म्हणत, “गुरुजी किती शांत आणि बाई केवढ्या तापट!” मीही ते खरे मानून चालत होतो. पण माझा मुलगा लहान असताना मी घरी येई तेव्हा त्याचे जेवण, अभ्यास, रडणे सारे उरकलेले असे. निजलेल्या पोराच्या केसांवरून हात फिरवायला शांत स्वभाव लागत नाही. माझी शांती तिच्या घशाच्या खर्चाने चालली होती. तिच्या संतापाच्या गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगत असे आणि ती पदराने तोंड पुसत आत जात असे. ती हसते आहे असेच मी समजत आलो. विचारले कधीच नाही.

आईला देव्हाऱ्यात बसवण्यात आपण मराठी माणसे कोणाला हार जाणार नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्या आईसाठी आपल्या तीन पिढ्या रडल्या. पण पोहायला जायचे टाळून लपून बसलेल्या श्यामला त्याच आईने शिंपटीने झोडपले होते, हे किती जणांना आठवते? आमच्या शेजारच्या कापूरहोळची धाराऊ ही शंभूराजांची दूधआई. सईबाई १६५९ साली राजगडावर गेल्या तेव्हा शंभूराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. सव्वादोन वर्षांचे मूल म्हणजे काय असते ते आयांना विचारावे. तरी धाराऊ कधी वैतागली असेल असे आपल्या मनातही येत नाही. तिचे दूध आपण लक्षात ठेवले, तिची दमणूक विसरलो. मला वाटते, आईला देवी म्हणून पूजणे आणि मित्सी म्हणून हसणे यांत फारसे अंतर नाही. दमलेली बाई दोघांनाही दिसत नाही.

कोणी म्हणेल, मग काय आईने मुलाला बडवावे? मुळीच नाही. राग येणे वेगळे आणि हात उगारणे वेगळे. चित्रातले टेंगूळ पुढच्या प्रसंगात नाहीसे होते. खऱ्या मुलाच्या मनावरचे राहते. आईला राग येण्याचा हक्क आहे, तसा मुलाला न भिण्याचा आहे. हे दोन्ही एका घरात नांदायचे कसे, हाच खरा प्रश्न.

उत्तर मला कार्तिकातच सापडले. या महिन्यात आपण पहाटे काकड्याला जातो, तुळशीचे लग्न लावतो. या महिन्याचा देव दामोदर, म्हणजे ज्याच्या पोटाला दावे बांधले तो. भागवताच्या दहाव्या स्कंधातली ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. यशोदा दही घुसळत होती. पोराला हवे होते दूध. तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले म्हणून ती त्याला खाली ठेवून धावली. पोराने रागाने माठ फोडला आणि लोणी माकडांना वाटून टाकले. ती काठी घेऊन मागे, हा पुढे. सांगा, कासुकाब्यात याहून निराळे काय घडते? पण पुढे पाहा. पोर भ्यालेले दिसताच यशोदेने काठी टाकून दिली आणि त्याला उखळाला बांधायला घेतले. दावे दोन बोटे कमी पडले. दुसरे जोडले, तरी दोन बोटे कमीच. घरातली सारी दावी संपली. तिला घाम फुटला, केसांतली फुले गळाली. ती दमली आहे हे पोराने पाहिले आणि मग त्याने स्वतःला बांधून घेतले.

आईने मुलाची भीती पाहिली आणि काठी टाकली. मुलाने आईचा घाम पाहिला आणि हट्ट टाकला. ती दोन बोटे आणखी दोरी आणून भरत नाहीत, आवाज चढवूनही भरत नाहीत. ज्याच्यासाठी ती दमली, त्याने पाहिले तरच भरतात.

आणि नंद कुठे होता? तो शेवटी येतो. उखळ ओढत चाललेले पोर पाहून हसतो, आणि हसत हसत त्याला सोडवतो! भागवत वाचताना हा नंद मला फार गोड वाटत असे. त्या रात्री मी त्याला ओळखले. तो ओटीवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी नातू दूरदर्शनसमोर फतकल मारून बसला होता. सूनबाई आतून तिसऱ्यांदा हाक मारत होती, “बंद कर आता, आंघोळ कर.” मी उठलो, तो बंद केला आणि म्हणालो, “आधी आंघोळ. मग आईला विचारून तांदूळ भिजत घालायचे. अनारशांचे पीठ तू आणि मी करणार आहोत. तुळशीच्या लग्नापर्यंत होईल.”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग पाय आपटत ओरडला, “आजोबा, तुम्हीपण मित्सी झालात!”

आतली भांडी क्षणभर थांबली. मग सूनबाई हसल्याचे ऐकू आले. या खेपेला ती हसतेच आहे ना, हे मी आत जाऊन पाहून आलो.