सल्ला आपला, शेत त्याचे



लहान शेतकऱ्याला मदत केली पाहिजे, याविषयी आपल्यात दुमत नाही. अडचण पुढच्या प्रश्नाची आहे. मदत म्हणून आपण त्याला एखादे नवे पीक घ्यायला सांगितले आणि ते बुडाले, तर ते नुकसान कोणाचे?

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. तिच्यात कुरकुमीन भरपूर असते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हापासून कापसाने पोळलेल्या माणसाला ‘हळद लाव’ असे सांगणे फार सोपे झाले आहे. असे सांगणारे कृषी मेळाव्यात भेटतात, संस्थांच्या बैठकीत भेटतात, आणि रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातही भेटतात.

पण हळद लावणे म्हणजे काय, हे जरा त्याच्या बाजूने पाहू. एकरी आठ-दहा क्विंटल बेणे लागते. ते घरचे नसेल तर विकत आणावे लागते, म्हणजे पहिला पाऊस पडायच्या आधीच पैसा जमिनीत गेला. जूनमध्ये लावलेली हळद निघते फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर तो पैसा अडकलेला. काळ्या भारी जमिनीत पाणी साचून राहिले, की कंद कुजतो. काढणी झाली तरी काम संपत नाही. हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक क्विंटल होते. इतके सगळे झाल्यावर भाव काय मिळेल, हे मात्र दुसरेच कोणी ठरवते.

सल्ला देणाऱ्याचे या नऊ महिन्यांत काहीच अडकलेले नसते. माझ्या मते नैतिक प्रश्न नेमका इथे आहे.

२००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले. विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपये. वर्धा त्यांत होता. त्यात जोडधंदा म्हणून अनुदानावर दुभत्या संकरित गाई देण्याची योजना होती. हेतू चांगलाच होता. पण कोरडवाहू गावात हिरवा चारा आणायचा कुठून? घरच्या माणसांपेक्षा गाईच्या खाण्यावर जास्त खर्च होऊ लागला, तेव्हा अनेकांनी ती विकली. गाय देणाऱ्या खात्याचा हिशेब गाय दिली त्या दिवशी पूर्ण झाला. घेणाऱ्याचा तिथून सुरू झाला.

यावर कोणी म्हणेल, शेतकरी काय लहान मूल आहे? निर्णय त्याचा, तेव्हा फळही त्याचेच. या म्हणण्यात तथ्य आहे. आपण सगळेच अंगावर घेतले, तर त्याला आपण आपल्यावर अवलंबून करून ठेवू. पण डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला चार शिकलेली, ओळखीची माणसे जेव्हा सांगतात, तेव्हा तो कितीसा मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकतो? आपल्या शब्दाला जितके वजन, तितका नुकसानीतला वाटाही आपला.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण देवाच्या उदारपणासाठी ऐकतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. सकाळच्या मजुरांशी धन्याने रोज आधी ठरवला. त्या वर्षी द्राक्षे आंबट निघाली असती, तरी त्यांचा दिनार बुडणार नव्हता. मळ्याची जोखीम मळ्याच्या धन्याची होती.

हळदीचा शेतकरी मजूर नाही, स्वतःच धनी आहे. म्हणून दाखला जसाच्या तसा लागू होत नाही. मग वाटा कसा उचलायचा? मला सुचते ते असे. दहा-बारा घरांनी मिळून एका शेतकऱ्याच्या पाव एकराचे बेणे द्यावे. पीक आले तर बेण्याइतके बेणे परत घ्यावे. नफ्यात हिस्सा मागू नये. पीक गेले तर मागूच नये. आणि हे लावणीच्या आधी, त्याच्या घरच्या बाईमाणसांसमोर बोलून ठरवावे, कारण निंदणी त्याच करणार आहेत.

दुसरा वाटा विकत घेणाऱ्याचा. जे. सी. कुमारप्पा हे नाव वर्धेत मगनवाडीमुळे माहीत असते. ते ख्रिस्ती होते, हे आपल्यातही थोड्यांनाच ठाऊक असते. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी इथूनच चालवले. वस्तू कशी आणि कोणाच्या कष्टावर तयार झाली, याची जबाबदारी ग्राहकावरही येते, असे ते आग्रहाने मांडत. आपण मात्र बाजारात हळदीचे पाकीट उचलताना आधी किंमतच पाहतो. मानांकन हा शेवटी एक कागद आहे. ‘वायगावची आहे का?’ असे विचारून दोन पैसे जास्त मोजणारा कोणी भेटला, तरच तो कागद शेतकऱ्याच्या कामाचा.

वर्षभराची हळद आपण बहुतेक घरी उन्हाळ्यातच भरतो. त्याच सुमारास तिकडे पुढच्या लावणीसाठी बेणे निवडून ठेवलेले असते. बोलणी करायची असतील, तर ती मे महिना संपायच्या आत झालेली बरी.